एकशे पाच नंबरच्या बाई

१

सोलापुरात सात रस्त्याजवळ, बियाण्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर डाळिंब सल्ला केंद्र होतं. नाव ऐकून कुणाला मोठं कार्यालय वाटावं; प्रत्यक्षात तीन खोल्या, चार टेबलं आणि एक माठ. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीचा हा पसारा. मंद्रूपपासून मैंदर्गीपर्यंतचे शेतकरी तिथे फोन करायचे आणि चार सल्लागार त्यांना तेल्या रोगावर काय फवारायचं, पाणी तोडून बागेला ताण कधी द्यायचा, ते सांगायचे. फोन मात्र एकच होता. तो एकाने धरला की बाकीचा तालुका दिवसभर ताटकळायचा. शेवटी केंद्राचे व्यवस्थापक गुरुशांत सर यांनी कुणाच्या तरी ओळखीने संघप्रियाला बोलावलं.

संघप्रिया एकोणतीस वर्षांची. पुण्यात सहा वर्षं इंटरनेटवरच्या फोनचंच काम केलं, मग नोकरी सोडून सोलापूरला परत आली. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे पहिलं काम. पण परत येण्याचं खरं कारण आई होती. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई, शालनबाई, मंद्रूपच्या घरात एकटी उरली. जुळे सोलापूर भागात संघप्रियाने दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली, ती आईसाठीच. दर रविवारी ती मंद्रूपला जायची, आईला म्हणायची, "चल आता माझ्याकडे." आणि दर रविवारी आई म्हणायची, "तितं बोलायला कोण हाय गं मला? तू सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार. भिंतीसंगं बोलू व्हय?" परतीच्या वाटेवर तिला दर वेळी रडू यायचं.

काम मात्र झकास झालं. कोपऱ्यात धूळ खात पडलेला कॉम्प्युटर तिने ब्रशने साफ केला आणि त्यावर फोनची यंत्रणा चढवली. चार टेबलांवर चार नवे फोन ठेवले, एकशे एक ते एकशे चार. बाहेरून फोन आला की यंत्र विचारायचं, मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन. आणि जो सल्लागार मोकळा असेल त्याच्याकडे फोन द्यायचं.

"ह्ये कुठल्या कंपनीचं म्हणायचं?" गुरुशांत सरांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, सर. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, वापरावं."

"म्हणजे गावजेवणच की," सर म्हणाले. "यील त्यानं बसायचं."

सगळं जोडून झाल्यावर चाचणीसाठी बाहेरून कुणीतरी फोन करायला हवा होता. संघप्रियाने आईलाच करायला सांगितलं. तो घ्यायला तिने आपल्या जुन्या मोबाइलवर एकशे पाच हा जादा नंबर तात्पुरता घातला आणि शेजारच्या सामानाच्या खोलीत जाऊन उचलला. "ऐकू येतंय का गं?" आई पलीकडून ओरडली. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. त्या दिवशी गुरुशांत सरांनी सगळ्यांना भजी मागवली आणि संघप्रिया कितीतरी दिवसांनी पोटभर हसली.

२

रोज सकाळी साडेनऊला ती केंद्रात यायची. माठातलं पाणी प्यायची, कॉम्प्युटरसमोर बसायची आणि फोनची यादी उघडायची. प्रत्येक फोन दर मिनिटाला यंत्राला कळवत असतो, की मी हजर आहे. हजर असलेल्या फोनपुढे हिरवा ठिपका दिसतो. चार ठिपके बघितले की तिचं मन निवांत व्हायचं.

महिना भरला तेव्हा तिने पहिला अहवाल काढला. कुठल्या फोनवर किती जण बोलले, किती वेळ थांबावं लागलं, किती जणांनी कंटाळून ठेवून दिला. कागद छापून आला तो बघून गुरुशांत सर खूश झाले. तक्रार एकही नाही. संघप्रिया मात्र कागदाकडे बघत राहिली. फोन चार होते आणि ओळी पाच.

पाचवी ओळ एकशे पाचची होती. महिन्यात दोनशे अठरा फोन. वाट बघण्याचा वेळ शून्य. मध्येच ठेवून दिलेले, शून्य.

तिने कपाळावर हात मारला. चाचणीचा तो नंबर काढून टाकायचाच राहिला होता. पासवर्डही तिने घाईत सोपा ठेवला होता. पण ज्या मोबाइलवर तो नंबर होता तो तर बंद पडून तिच्या कपाटात पडलेला. मग हे दोनशे अठरा फोन घेतले कुणी?

सोपा पासवर्ड सापडला की इंटरनेटवरून कुणीही उपटसुंभ आत शिरू शकतो, हे तिला ठाऊक होतं. पुण्यात असताना अशी दोन प्रकरणं तिनेच निस्तरली होती. एकशे पाच कुठून जोडला जातोय तो पत्ता तिने काढला. बाहेरचा असता तर तिला बरं वाटलं असतं. पत्ता याच कार्यालयातला होता.

तिने प्रत्येक तार हाताने धरून शेवटपर्यंत बघितली. चार फोन, चार तारा. सामानाच्या खोलीत औषधांचे रिकामे खोके होते, मोडकी खुर्ची होती, आणि खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. खोली आतून गार होती एवढंच. तिने इंटरनेटची बाहेरची तार उपसली, दहा मिनिटं थांबली. यादीत एकशे पाचचा ठिपका हिरवाच राहिला.

३

यंत्र प्रत्येक बोलणं साठवून ठेवायचं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. कानाला हेडफोन लावला की डाव्या कानात शेतकरी आणि उजव्या कानात केंद्र. संघप्रियाने एकशे पाचचा एक फोन सहज निवडला. मैंदर्गीकडचे बिरप्पा म्हणून कुणी होते.

"नमस्कार अक्का," डाव्या कानात बिरप्पा म्हणाले. "पानावर ठिपकं आल्यात बघा."

उजव्या कानात कुणी बोललं नाही.

"व्हय. दोन एकर हाय." थोडा वेळ गेला. "न्हाय, अजून फवारलं न्हाय." पुन्हा थोडा वेळ. मग बिरप्पा हसले. "ते बी खरंच की."

असं अकरा मिनिटं. ते विचारत होते, थांबत होते, पटल्यासारखं हुंकारत होते. समोर कुणी बोलत असल्याशिवाय माणूस असा थांबत नाही.

संघप्रियाला हायसं वाटलं, कारण हा दोष तिच्या ओळखीचा होता. इंटरनेटच्या फोनला हे दुखणं नेहमीचं. एका बाजूचा आवाज वाटेत हरवतो. साठवणारी बाजू बिघडलीय, दुसरं काय. कुणी सल्लागार मोबाइलवरून एकशे पाच वापरत असेल. तिने चौघांनाही विचारलं. चौघांत वैजयंती एकटीच बाई आणि सगळ्यांत अनुभवी; ती म्हणाली, "मला हा एक फोन आवरेना, दुसरा कुठनं घेऊ?" बाकीचेही नाहीच म्हणाले.

तिने पुन्हा हेडफोन लावला आणि उजव्या कानाचा आवाज वाढवून ऐकलं. हरवलेला आवाज म्हणजे निव्वळ शांतता असते, यंत्र तिथे काहीच लिहीत नाही. इथे मात्र काहीतरी होतं. रिकाम्या घागरीला कान लावल्यावर येतो तसा आवाज. बिरप्पा बोलायला लागले की तो कमी व्हायचा, आणि ते थांबले की भरून यायचा.

तिने हेडफोन काढून ठेवला. बाहेर वैजयंती कुणाला तरी कळीगळीवर उपाय सांगत होती, रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. भर दुपारी कसली भीती वाटायची, असं म्हणून ती स्वतःशीच हसली.

४

तिने तेव्हाच तो नंबर पुसून टाकायला हवा होता. एक कळ दाबायची होती. पण चालत्या गाडीला खीळ घालायला कुणाचा हात धजत नाही, आणि इथे तर गाडी धावत होती. तिने गुरुशांत सरांना सगळं सांगितलं. सरांनी तीन शेतकऱ्यांना उलटा फोन केला आणि एकशे पाचवर काय सल्ला मिळाला ते विचारलं. तिन्ही वेळा सल्ला अचूक निघाला.

"चालतंय न्हवं?" सर म्हणाले.

"चालतंय, पण कोण..."

"मग चालू दे की. लोक खूश हाईत. बाई लई मायेनं बोलत्यात म्हणं."

"कुठल्या बाई, सर?"

सरांनी खांदे उडवले. तिघांनीही 'बाई'च म्हटलं होतं. वैजयंतीचं नाव चांगलं होतंय तर होऊ दे, असा त्यांचा हिशेब. संघप्रियालाही पहिल्या कामाचं कौतुक कानांना गोड लागत होतं. शिवाय घरचंही बरं चाललं होतं. आई हल्ली रविवारी खुशीत असायची. "तुझ्या हापिसातली बाई लई ग्वाड बोलती," ती म्हणायची. "माझं गुडघं दुखतंय तेबी इचारती." चाचणीनंतरही आई केंद्राला फोन करते हे कळल्यावर संघप्रियाला आधी हसू आलं, मग वैजयंतीचा हेवा वाटला. आपण दिवसातून एकदा, तेही घाईत बोलतो. दुसरी कुणीतरी बोलतेय, तर बोलू दे.

त्या आठवड्यात तिने एकशे पाचचे आणखी सात-आठ फोन ऐकले. सगळे एकाच रीतीने संपत होते, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. आपल्याकडे फोन ठेवताना 'या की एकदा घरी' म्हटल्याशिवाय कुणी ठेवत नाही. बँकेच्या माणसालाही म्हणतात, गॅसवाल्यालाही म्हणतात. येत कुणीच नाही. म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ही फक्त रीत.

"या की एकदा घरला, अक्का," बिरप्पा शेवटी म्हणाले होते. मग थांबले. मग जरा गोंधळून म्हणाले, "व्हय? या की. येशीतनं आत आलं की डाव्या हाताला. निळं दार."

५

शनिवारी बारा वाजता बिरप्पा स्वतःच केंद्रात आले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, हातात डाळिंबांची पिशवी. डोळ्यांखाली झोप राहिल्यासारखं काळं पडलं होतं, पण चेहरा समाधानाचा. त्यांनी फळं टेबलावर ठेवली.

"आमच्या बाईंसाठी आणल्यात. त्यांनी म्हटलं न्हाय, पर आपुन द्यावं."

"कुठल्या बाई?" वैजयंतीने विचारलं. "मी तर तुमच्याशी कधी बोलले नाही, काका."

"तुमी न्हवं. त्या आमच्याकडं आल्यात त्या."

संघप्रिया उठून जवळ आली. "तुमच्याकडे कधी येऊन गेल्या?"

"येऊन गेल्या न्हायत," बिरप्पा समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "आल्यात. हाईत की घरात. बारा दिस झालं."

गुरुशांत सर कन्नडमधून काहीतरी हळूच विचारायला लागले, बिरप्पांनी हसून मान डोलावली.

"दिसायला कशा आहेत?" संघप्रियाने विचारलं. हा प्रश्न आपण का विचारला, तिचं तिलाच कळलं नाही.

बिरप्पा विचारात पडले. खरोखर आठवून बघत होते. "तसं बघितलं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "घरात माणूस असलं की कळतं न्हवं? जेवत्यात कमी, बोलत्यात लई. आमच्या म्हाताऱ्या आईला तर आता आमची बी गरज लागंना. दिसभर दोघींचं चाललेलं असतंय." मग त्यांनी आवाज उतरवला. "आता जावा म्हणायचं कसं? आमीच या म्हणालो की."

ते गेले. डाळिंबांना कुणी हात लावला नाही.

६

संघप्रिया कॉम्प्युटरसमोर बसली. तिने एकशे पाचच्या यादीत आईचा नंबर शोधला. एकोणसाठ फोन. वैजयंतीने त्यातला एकही घेतला नव्हता.

पहिल्या आठवड्यातला एक तिने लावला. डाव्या कानात आई, आणि आईच्या मागे शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर. तो आवाज संघप्रियाच्या लहानपणापासून त्या घरात होता. उजव्या कानात घागर.

"माझी पोरगी लई गुणाची," आई सांगत होती. "पर बोलायला येळ न्हाय तिला."

तिने मधला एक लावला. उजव्या कानातली घागर बारीक झाली होती आणि तिच्या तळाशी, फार लांबून, गिरणी ऐकू येत होती. प्रतिध्वनी, संघप्रिया स्वतःला म्हणाली. आईचाच आवाज फिरून परत येतोय. तसं असेल तर आईचं बोलणंही परत यायला हवं होतं. परत येत होती ती फक्त गिरणी.

शेवटचा फोन कालचा, सकाळी दहाचा.

"या की मग," आई म्हणत होती. "पुसायचं काय त्यात? घर तुमचंच हाय."

डाव्या कानात गिरणी होती. उजव्या कानातही गिरणी होती, तेवढीच मोठी, तेवढीच जवळ. घागरीचा आवाज कुठेच नव्हता.

संघप्रियाने एकशे पाच पुसून टाकला. यंत्राने एकदा विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. चार ठिपके उरले. मग तिने आईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला, ती हसण्याच्या भरातच होती.

"आई, ऐक. त्या हापिसाच्या नंबरवर आता फोन करू नकोस. त्या बाईंचा नंबर मी बंद केलाय."

"बरं केलंस," आई म्हणाली. "आता फोन कशाला लागतोय? ठिव तू, माणसं हाईत घरात."

७

विजापूर रस्त्याने ती स्कूटी जेवढी पळेल तेवढी पळवत गेली. मंद्रूपला पोचली तेव्हा दीड वाजला होता. लख्ख ऊन, गिरणी चालू, शेजारची दगडाबाई दारात मिरच्यांचे देठ काढत बसलेली. आईच्या दारात चपलांचा एकच जोड होता. संघप्रियाला जरा धीर आला.

आई बाहेरच्या खोलीत उभी होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले, पायाशी भरलेली पिशवी.

"आलीस? बरं झालं," आई म्हणाली. "चल. येती मी तुझ्याकडं."

संघप्रिया तिच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं हे एक वाक्य ऐकायला ती आसुसली होती. आईला मिठी मारायला ती पुढे झाली आणि मध्येच थांबली.

"अशी एकदम? तू तर म्हणायचीस, तिथं बोलायला कोण आहे."

"आता हाय की," आई म्हणाली. मग तिने आतल्या खोलीकडे बघून मान हलवली. "व्हय व्हय, निघायचंच हाय. आली बघा पोरगी."

आतल्या खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा होता. संघप्रियाने पडद्याखालून बघितलं. फरशी होती, खाटेचे पाय होते, दुसरं काही नव्हतं. वरचा पंखा बंद होता. पडदा एका बाजूला सरला, माणसाला बाहेर यायला लागतो तेवढा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा खाली आला. आई एक पाऊल मागे सरली, वाट दिल्यासारखी.

वारा असेल, असं संघप्रियाने मनात म्हणून बघितलं. मग तिने विचार करायचं सोडलं. आईला इथून न्यायचं, दाराला कुलूप घालायचं, जे काय असेल ते आत राहू दे. तिने आईचा दंड धरला, पिशवी उचलली, दोघी बाहेर आल्या. तिने स्वतःच्या हाताने कडी लावली, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. अंगावर ऊन पडलं तसं तिला खरंच बरं वाटलं. रात्री आईच्या हातची भाकरी खायची, सोमवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं, असे साधे साधे विचार तिच्या डोक्यात यायला लागले.

"कुटं निघालीस गं शालन?" दगडाबाईने विचारलं.

"लेकीकडं. ऱ्हायलाच चाललो की आमी." आईच्या चेहऱ्यावर असं सुख संघप्रियाने वडील गेल्यापासून बघितलं नव्हतं.

संघप्रिया स्कूटीवर बसली. मागे आई बसली, पिशवी मांडीवर घेऊन. गाडी जरा जास्तच दबली. संघप्रियाने आरशात बघितलं. आई सीटच्या अगदी टोकाला, पडेल अशी बसली होती. दोघींच्या मध्ये कितीतरी जागा होती.

"आई, पुढं सरक. पडशील."

"आनि कुटं सरकू?" आई हसत म्हणाली. "जागा हाय का?"

संघप्रियाने आरशातून नजर काढून घेतली. मध्ये बसलेल्या बाईंना उतरा म्हणावं, तर आईही उतरली असती, आणि पुन्हा कधी निघाली नसती. मग ती स्वतःच जरा पुढे सरकून बसली.